पंखवालं शिंगरू

मंडळी, इंदापूरच्या आमच्या वाचनालयात घडलेली एक अत्यंत गंभीर घटना आज जाहीर करतो. वरकुट्याचे एक आबा रोज तिथं यायचे. जन्मभर मेंढरं राखून ते साठीत साक्षरता वर्गात अक्षरं शिकले होते. मुलांचं जादूच्या गोष्टीचं पुस्तक घेऊन, ओळीवर बोट ठेवून, खड्या आवाजात वाचायचे. जोडाक्षर अडलं की मेंढराला हाकलावं तसं 'हुर्र' करायचे.

त्या संध्याकाळी गोष्टीतल्या राक्षसानं पंखवालं शिंगरू खांबाला बांधलं आणि नेमकी वाचनालय बंद करायची वेळ झाली.

मी म्हणालो, "आबा, शिंगराची सुटका उद्या वाचा."

आबांचं बोट ओळीवरून हलेना. ते माझ्यावरच कडाडले, "मुकं जनावर रातभर उपाशी ठिवून आमी घरी जाऊन भाकरी खायची व्हय?"