फक्त मलाच ऐकू आलेलं गाणं

शिरूरच्या मंगल कार्यालयात हळद होती. दोन गाणी गाऊन मी घामाघूम होऊन खाली उतरले. आई मागच्या रांगेत बसलेली. म्हणाली, "तू कवा गाणार गं? नुसतं तोंड हलवतीयस."

मी चाटच पडले. पायाशी ठेवलेल्या स्पीकरमधून माझा आवाज दणदणीत येत होता की! गाणाऱ्याला स्वतःचं ऐकू यावं म्हणून स्टेजवर ठेवतात तो स्पीकर, मॉनिटर म्हणतात त्याला. तो दणकून वाजला की गळा आपोआप सैल पडतो. वाटतं, पोचलं सगळीकडं.

साउंडवाल्याला विचारलं तर तो बटणांकडंच बघत राहिला. ऑर्केस्ट्राचा मालक पुढं झाला. "भाईर बंद केलाय तुझा माईक. लई भीमजयंतीचा आवाज हाय तुझा, पाव्हण्यांना न्हाई चालत. तुला ऐकू येतंय ना? मग झालं."

बाहेर लोकांना ऐकू गेली ती माझ्या शेजारी उभी राहून गाणारी त्याची पुतणी. तिला सूर सापडत नाही. मॉनिटरमधला माझा आवाज धरून ती गाते. म्हणजे आवाज माझा चालतो, लोकांना ऐकवला की तेवढा विटाळ होतो! अंगाची लाही लाही झाली.

पुढची सुपारी दौंडची. माईक बाहेर बंदच होता, मी आधी खात्री करून घेतली. ऐन अंतऱ्यात गप्प झाले. पुतणीचा सूर घसरला, मग शब्द विसरली. लोक हसायला लागले. मला तिची दया आली नाही.

माईक खाली ठेवला, स्टेजच्या कडेला आले, उघड्या गळ्यानं गायले. पहिल्या ओळीला वाटलं, आवाज मेला आपला. इतका बारीक लागत होता कानाला. मग पोटातून लावला. आमच्या वस्तीत माईक नसताना लावतो तसा. जेवणाच्या मांडवातले वाढपी थांबून बघायला लागले.

मालक धावत आला. "माईक घे, चालू करतो."

"आता न्हाई."

आता माझी स्वतःची गाण्याची पार्टी आहे. तो जिथं सुपारी मागतो, तिथं मीही मागते. दौंड सुटलं त्याच्या हातून. आता शिरूर. त्याला एकही स्टेज ठेवणार नाही मी.