गोलसमोरचे लोखंड

गंजलेला लोखंडी गज, वरचे डोके ठोकून ठोकून पसरलेले, आणि त्या पसरलेल्या काठावर वाळलेले रक्त. वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या टेबलावर ठेवलेली ती वस्तू मला अजून जशीच्या तशी दिसते. नोकरीत मी खून आणि दरोडे पुष्कळ पाहिले. तरीही लक्षात राहिलेला तपास कोणता, असे कोणी विचारले तर मी या साध्या दुखापतीच्या प्रकरणाबद्दल सांगतो.

मी तेव्हा ग्वाल्हेरमध्ये एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. शहरातल्या शाळांमधले निवडक खेळाडू घेऊन फुटबॉलचा एक सामना ठरला होता, लश्कर विरुद्ध मुरार, शहराचेच दोन भाग. त्याचे उत्पन्न मुलांच्या रुग्णालयातल्या नवजात कक्षासाठी होते. सामना रविवारी होता. गुरुवारी दुपारी सरावात लश्करच्या फॉरवर्डने गोलसमोर घसरत चेंडू मारला आणि त्याची पोटरी फाटली. गवताखाली हा गज उभा होता. मुलाला टाके घालून झाल्यावर संघाचे प्रशिक्षक आणि सामन्याचे आयोजन करणाऱ्या डॉक्टरबाई ठाण्यात आल्या. कोणीतरी मुद्दाम लोखंड गाडले, अशी तक्रार होती.

तक्रार लिहून होते न होते तोच फोन आला. ज्या शाळेच्या मैदानावर सराव चालला होता, तिचा चौकीदार बोलत होता.

"साहब, मैंने देखा है. कल शाम को एक लड़का सब्बल लेके मैदान में कुछ गाड़ रहा था. दीवार कूदके आया था. वही लंबा वाला, जिसको टीम से निकाला."

सब्बल म्हणजे आपली पहार. प्रशिक्षकांनी लगेच मुलगा ओळखला. बारावीतला, नुकताच अठरा पूर्ण झालेला. त्याला संघातून वगळून ज्याला घेतले, त्याचीच पोटरी फाटली होती. कारण मिळाले, साक्षीदार मिळाला, आरोपी मिळाला. आमचे हवालदार मुरैनाकडचे, बोलायला खमंग. ते म्हणाले, "साहब, केस तो पका-पकाया आया है. बस परोसना है."

मी म्हणालो, "पका-पकाया खाना मैं पहले सूँघता हूँ."

मुलगा दर्पण कॉलनीत राहत होता. घर मराठी, आजोबा फौजेत होऊन गेलेले. वडील सिटी सेंटरमधल्या एका बँकेत होते. मुलाला आणले तेव्हा तेही मागोमाग आले आणि माझ्यासमोर उभेच राहिले.

"साहेब, चष्म्यामुळे मी फौजेत नाही जाऊ शकलो. हा भरतीची तयारी करतोय. दौड निघाली याची, पास झाला, मेडिकल बाकी आहे. त्याच्या नावावर एक केस लागली की संपलं सगळं. मुलगा माझा खोटं नाही बोलत."

केसबद्दलचे त्यांचे म्हणणे खरे होते. आरोपी म्हणून एकदा नाव चढले की पुढे न्यायालयात सुटला तरी चारित्र्य पडताळणीत ते नाव निघते. आमच्या भागात शेकडो मुले पहाटे रस्त्यावर धावतात ती या भरतीसाठीच. एका नोंदीचे वजन मला माहीत होते.

मी मुलाला विचारले, "काल संध्याकाळी कुठे होतास?"

"टीमबरोबर, प्रॅक्टिसला."

हे खोटे होते. प्रशिक्षक शेजारच्या खोलीतच बसले होते. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे हा मुलगा वगळल्यापासून सरावाला फिरकलाच नव्हता. हवालदारांनी माझ्याकडे पाहून भुवई उडवली. मी पुन्हा विचारले. मुलाने पुन्हा तेच सांगितले. पण उत्तर देताना त्याची नजर माझ्याकडे नव्हती, हवालदारांच्या काठीकडेही नव्हती. ती वडिलांकडे जात होती. ठाण्यात बसलेला माणूस ज्याला भितो त्याच्याकडे बघतो. हा पोलिसांना भीत नव्हता.

मी वडिलांना म्हणालो, "समोरच्या टपरीवर चहा सांगून या. आणि तुमचा तिथेच पिऊन या."

ते बाहेर गेले आणि मुलगा बोलू लागला.

"सर, मला टीममधून काढलं हे घरी माहीत नाही. मी टीममध्ये आलो हे बाबांनी पूरी कॉलनी में बता दिया है. आजोबांच्या फोटोला हार घातला त्या दिवशी. मग मी काय सांगू? रोज किट घेऊन निघतो, टीम गेली की दीवार कूदके अकेला प्रॅक्टिस करतो."

"आणि सब्बल?"

"मला ठोकर लागली, खाली काहीतरी होतं. सब्बल चौकीदाराच्या खोलीबाहेर पडलेली असते, ती घेतली. मी गाडत नव्हतो सर, काढत होतो. एक निकाला भी. चौकीदार आला तर मी बोललो त्याला, भैया, और भी हो सकते हैं. तो बोला, भाग यहाँ से."

"काढलेला कुठे आहे?"

"दीवार के पीछे, नाल्यात फेकला."

मी त्याचा जबाब लिहून घेतला, अटक दाखवली नाही आणि त्याला घरी पाठवले. रात्री वरिष्ठांचा फोन आला. पालक घाबरले आहेत, उद्यापर्यंत आरोपी जाहीर करा, नाहीतर सामना रद्द होईल. मी उत्तर दिले की उद्यापर्यंत तपास पूर्ण करतो, आरोपीचे उद्या बघू. त्यांना ते आवडले नाही.

शुक्रवारी सकाळी मैदानावर गेलो. मुलाला बरोबर घेतले होते. हवालदारांनी पँट गुडघ्यापर्यंत वर करून नाल्यात उतरून गज काढला. तोही तसाच होता, पसरलेल्या डोक्याचा. मुलाने तो कुठून उपटला ते भोक दाखवले. जिथे दुखापत झाली ती जागा प्रशिक्षकांनी दाखवली. मी दोन्ही जागांमध्ये टेप लावला. पंचेचाळीस फूट भरले.

ज्याला इजा करायची आहे तो गजाचे टोक वर ठेवील. इथे टोक खाली होते, चपटे डोके वर. आणि पंचेचाळीस हा आकडा मला ओळखीचा वाटला. मुलीच्या लग्नात मांडव मीच ठरवला होता. त्या वेळी तंबूवाल्याने सगळा हिशोब पंधरा-पंधरा फुटांच्या खणांत समजावला होता. मी दोन्ही भोकांमध्ये सुतळी ताणली, पंधरा फुटांवर खूण केली आणि हवालदारांना खुरपायला सांगितले. दोन बोटे मातीखाली लोखंड लागले. तीस फुटांवरही लागले. मग सुतळी दुसऱ्या बाजूला काटकोनात वळवली. तिथेही लागले.

हवालदार टाचांवर बसले आणि म्हणाले, "साहब, ये दुश्मनी नहीं है. ये तो शामियाना है."

मी चौकीदाराला बोलावून एवढेच विचारले, "शादी किसकी थी?"

त्याने आधी आकाशाकडे पाहिले, मग खुंट्याकडे. "साहब, मैं छोटा आदमी हूँ. मैनेजर साहब ने कहा था, शादी का नाम मुँह से निकला तो नौकरी गई. लड़के ने खूँटा देख लिया था, मैं डर गया."

सामना होईपर्यंत मैदानावर दुसरा कोणताही कार्यक्रम करायचा नाही, असे शाळेने डॉक्टरबाईंच्या आयोजन समितीला कबूल केले होते. तरी शाळेच्या व्यवस्थापकाने आपल्या नातेवाइकाचे लग्न तिथे उरकून घेतले होते. त्याने आधी माझ्यावर आवाज चढवला, मग सुतळी पाहून तो खाली बसला. तंबूवाल्याचे दुकान टोपी बाजारात होते. त्याने तर लपवलेही नाही. त्याच्या लेखी त्यात लपवण्यासारखे काही नव्हतेच.

"साहब, देवउठनी एकादशी के बाद एक-एक रात में चार-चार शादियाँ. ज़मीन पत्थर हो रही थी, खूँटे निकले नहीं. लड़कों ने ठोक दिए अंदर. सब ऐसे ही करते हैं. दो दिन में घास आ जाती है."

"और पाँव आ जाए तो?"

माती पायांनी दबत गेली आणि डोकी वर आली, एवढेच झाले होते. निष्काळजीपणाने दुखापत केल्याचा गुन्हा तंबूवाला आणि व्यवस्थापकावर नोंदवला. चौकीदाराची खोटी खबरही कागदावर घेतली.

डॉक्टरबाईंना फोन करून सगळे सांगितले. त्या म्हणाल्या, "कोणी केलं ते तुम्ही बघा. मला एवढंच सांगा, रविवारी या मैदानावर मी आयांना त्यांची मुलं पाठवायला सांगू का?"

मी म्हणालो, "उद्या संध्याकाळी सांगतो."

शनिवारी बॉम्बशोधक पथकाचे धातुशोधक यंत्र मागवले. पथकाचा जवान हसत म्हणत होता की साहेब, बारुद शोधायला शिकलो आणि लग्नाचे खुंटे शोधतोय. तंबूवाल्याचीच माणसे खुंटे उपटायला लावली. तो मुलगाही सब्बल घेऊन त्यांच्यात होता. संध्याकाळी यंत्र पुन्हा सगळ्या मैदानावर फिरवले. ते कुठेही वाजले नाही, तेव्हा मी डॉक्टरबाईंना होकार दिला.

वडिलांना मैदानाच्या कडेला मीच बोलावून घेतले होते. मुलाने त्यांना माझ्यासमोरच सगळे सांगितले. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "टीममध्ये नाहीस, हे मला सांगायला तुला पोलीस लागले?"

वडिलांनी त्याच्या हातातली सब्बल घेतली आणि ती जड आहे म्हणून पुटपुटले. दोघे एकाच स्कूटरवर घरी गेले.

रविवारी सामना झाला, मुरार जिंकले. प्रशिक्षकांनी रिकामी जागा या मुलाला देऊ केली होती. ती त्याने घेतली आणि उत्तरार्धात एक सोपा गोल हुकवला. त्याला संघातून का वगळले होते ते मला त्या दिवशी कळले.

पुढे मी दुसऱ्या ठाण्यात जाण्याआधी भरतीसाठी त्याची चारित्र्य पडताळणी आली. ठाण्याच्या नोंदी सांभाळणारा मुन्शी कागद घेऊन आला आणि म्हणाला, "साहब, इसका नाम तो अपने यहाँ चढ़ा हुआ है."

"हाँ, चढ़ा हुआ है," मी म्हणालो. "गवाह के तौर पर." आणि सही केली.

नवे अधिकारी भेटतात तेव्हा त्यांना मी एकच गोष्ट सांगतो. तक्रार घेऊन येणारा माणूस बहुतेक वेळा गुन्हेगारही सोबत घेऊन येतो. आपण लगेच 'कोणी केले' यावर जातो. त्याआधी वस्तूजवळ जावे, वाकावे, मोजावे, आणि कोणी काही मुद्दाम केले आहे का, ते पाहावे. वर बसलेले नाराज होतात, एक दिवस जास्त जातो. एका मुलाच्या साऱ्या आयुष्यापुढे तो एक दिवस मला कधी महाग वाटला नाही.