गाईच्या तोंडाकडे कोण बघतो

गुरांचे डॉक्टर तापट म्हणूनच ओळखले जात. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्यांची एकच तक्रार होती: लोक जनावर वेळेवर दाखवत नाहीत. बायको म्हणायची, "आधी जेवा, मग तापा."

त्या सकाळी दूधवाल्या मावशींच्या गोठ्यात शिरताच त्यांचं टाळकं सरकलं. पांढऱ्या तोंडाच्या गाईच्या डाव्या डोळ्यातून अक्रोडाएवढी लालबुंद गाठ बाहेर आली होती. तिला वासही येत होता. त्यांनी मान खांबाला वळवून बांधली, पापणी उचलली, मग कानाखाली आणि जबड्याखाली चाचपून पाहिलं. तिथे सूज नव्हती. म्हणजे कॅन्सर बहुधा पसरला नव्हता, पण डोळा काढावाच लागणार होता.

"एवढी होईपर्यंत झोपला होतात का मावशी? डाळीएवढी असताना सांगितलं असतं तर डोळा वाचला असता! पण नाही, पाणी नाकातोंडात गेल्याशिवाय तुम्हाला डॉक्टर आठवत नाही!"

मावशींनी गाईच्या पाठीवर हात ठेवला.

"सांगितलं होतं की. चार महिन्यांपूर्वी गाभण आहे का बघायला आलात, तेव्हा. तुमचा हात खांद्यापर्यंत आत होता. मी म्हटलं, डोळ्यातून पाणी येतंय. तुम्ही मागूनच म्हणालात, माशा असतील, मलम लावा. रोज लावलं मी."

डॉक्टरांना आठवलं. त्या दिवशी पंधरा गाई तपासायच्या होत्या आणि सगळं काम शेपटीकडचं. तोंडाकडे ते फिरकलेच नव्हते. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागायची सोडून ते दोरीच्या गाठीवरच खेकसले.

डोळ्यापुरती भूल देऊन तो काढायला नि पापण्या शिवायला सव्वा तास लागला. गाय उभीच होती. बादलीवर, दोऱ्यावर, स्वतःवर चरफडत डॉक्टर बॅग भरू लागले.

"दुसरा डोळा कोण बघणार?" मावशी म्हणाल्या. "या, पुढे या."

ते पुढे आले. उजव्या डोळ्याच्या खालच्या पापणीच्या कडेला एक पांढरा, खरखरीत ठिपका होता, त्याच कॅन्सरची सुरुवात. आणखी चार महिन्यांनी गाय ठार आंधळी झाली असती. आणि ते निघालेच होते!

"हा आत्ताच काढू," बॅग पुन्हा उघडत ते म्हणाले. "मावशी, त्या वेळी चूक माझीच झाली."

"ठाऊक आहे मला," मावशी म्हणाल्या आणि त्यांनी गाईची मान घट्ट धरली.