खेळातल्या धर्मात मामाची मुलगी

खेळापेक्षा मला खेळाआधीची मांडामांड जास्त आवडते. हा लॅपटॉपवरचा खेळ आहे, मध्ययुगातल्या राजेरजवाड्यांचा. त्यात तलवारबाजी फारशी नाही. एक घराणं घ्यायचं, पोरांची लग्नं जुळवायची, वारस टिकवायचा, शेजाऱ्यापाजाऱ्यांशी सोयरिक करून राज्य सांभाळायचं. म्हातारा राजा मेला की आपण त्याच्या मुलाच्या जागी. आणि एक सोय अशी की खरा इतिहास नको असेल तर सगळं जगच पिसून नव्याने वाटून घेता येतं. राज्यं किती, धर्म किती, गादी मुलाला की मुलीलाही, हे आपण सांगायचं. बाकीचं खेळ आपल्या मनाने टाकतो. धर्माचे नियमही आपणच लिहायचे. पुजारी बाई चालेल का, काडीमोड मिळेल का, दुसऱ्या धर्माचा माणूस नुसता परका की पापी, आणि कोणाचं कोणाशी लग्न लागू शकतं. एकेका नियमावर मी अर्धा अर्धा तास घालवतो. एवढा विचार मी स्वतःच्या आयुष्यातल्या कुठल्याच गोष्टीवर केलेला नाही.

नवीन जालन्यात बियाणांच्या एका कंपनीत मी नोकरीला आहे. ओल्या कागदावर बिया ओळीने मांडायच्या, कागदाची गुंडाळी करायची, ठरलेल्या दिवशी उघडून किती उगवल्या ते बघायचं. काम नियमाचं आहे आणि मला नियम मानवतात. वय एकोणचाळीस, लग्न झालेलं नाही, स्टेशनच्या बाजूला एक खोली भाड्याने घेतलेली. संध्याकाळी खोलीवर गेलो की बोलायला कोणी नसतं, आणि चुकून कोणी बोलायला आलंच तर मला राग येतो, अशी माझी गत आहे. दोष कोणाला देणार? हाताने लावलेलं झाड आहे.

ते कसं लावलं, ते आधी सांगतो.

माझी आई पिंपळगाव रेणुकाईची. तिला एकच भाऊ, आणि त्या मामाला एकच मुलगी. आमच्याकडे मामाची मुलगी भाच्याच्या हक्काची. बाहेरगावच्या माणसाला हे सांगितलं की तो तोंड वेडंवाकडं करतो, पण आमच्यात ते इतकं सरळ आहे की कोणी त्याचा वेगळा विचारही करत नाही. काकाची मुलगी मात्र सख्ख्या बहिणीसारखी. तिच्याशी लग्न असं नुसतं मनात आलं तरी माणसाने चूळ भरावी. मामाची मुलगी माझ्याहून तीन वर्षांनी लहान. सुट्टीत मी तिकडे गेलो की आम्ही देवीच्या देवळाच्या पायऱ्यांवर बसून येणाऱ्या जाणाऱ्यांच्या नकला करायचो. तिच्याइतकं खळखळून हसणारं माणूस मला पुढे भेटलं नाही. आम्हाला बघून बाया एकमेकींना कोपराने डिवचायच्या आणि आम्ही दोघंही चिडायचो.

मी सव्वीस वर्षांचा असताना मामाने चार पाहुणे बसवले. चहा झाला, सुपारी झाली. मामा म्हणाला, “मंग धरायची का तारीख?”

मला तिच्याशी लग्न करायचं नव्हतं. शेतकी कॉलेजात शिकलो होतो, जवळच्या नात्यातल्या लग्नांबद्दल चार गोष्टी वाचल्या होत्या. त्या सांगता आल्या असत्या. एवढ्यात लग्नच नको, असंही म्हणता आलं असतं. पण मला असं काहीतरी बोलायचं होतं की ज्यावर कोणी उलट बोलूच शकणार नाही. मी म्हणालो, “ती मला बहिणीसारखी आहे.”

आमच्याकडे हे वाक्य नुसत्या नकाराहून जड. नकार फिरवता येतो, बहीण म्हटलेलं फिरवता येत नाही. मामा उठून आत गेला. आई परतीच्या जीपमध्ये भोकरदनपर्यंत बाहेर बघत बसली. मला मात्र मनातून बरं वाटत होतं. पेपर सोपा गेल्यावर वाटतं तसं.

त्यानंतर मामा आमच्या दारात आला नाही. तिचं दोन वर्षांनी लग्न झालं. पत्रिका आली, मी गेलो नाही. दर दिवाळीत भाऊबीजेला आई एकटी माहेरी जायची. निघताना पिशवी हातात घेऊन दारात थांबायची आणि म्हणायची, “चल की रे.” मला वाटायचं, नेऊन माफी मागायला लावणार. मी काहीतरी काम काढायचो. पाच वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा मामा माहेरची साडी घेऊन आला, तिच्यावर पांघरली, आणि माझ्याकडे न बघता घोटभर पाणीही न पिता निघून गेला. मी मनाशी म्हटलं, बघा, अजून राग धरून बसलाय. माझी स्थळं बघण्याचं काम आईच करायची; तेही तिच्याबरोबर थांबलं. मग हा लॅपटॉप घेतला.

मागच्या दिवाळीत कंपनीला सुट्टी होती. मालकीणबाई खाली कुलूप लावून लेकीकडे गेल्या होत्या, खानावळ बंद. मी ब्रेड, फरसाण आणि कांदे आणून ठेवले आणि दार लावून घेतलं.

एक जग आधीच अर्धवट खेळून ठेवलेलं होतं. त्याच्या धर्मात मी रक्तातलं लग्न बिलकुल बंद केलं होतं. तत्त्व म्हणजे तत्त्व. माझं राज्य टीचभर, शेजारचं राज्य माझ्या राणीच्या भावाचं, म्हणजे माझ्या राजपुत्राच्या मामाचं. त्याच्या मुलीशी सोयरिक झाली असती तर दोन्ही राज्यं एकमेकांना धरून राहिली असती. पण माझ्याच नियमाने ती बंद. मी सून लांबून आणली. पुढे राणी मेली, तिच्यामागे शेजाऱ्याशी असलेला मदतीचा करारही संपला. लढाई आली तेव्हा मी एकेक करून सगळ्यांना निरोप पाठवले. कोणी आलं नाही. माझा राजा वेढ्यात पाच महिने बसला आणि मेला. खेळ आहे हे कळत असूनही मला ते बघवेना. लॅपटॉप बंद करून मी कांदा चिरत बसलो आणि कांद्याचं निमित्त करून रडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी नवं जग पिसलं. सोळा धर्म, राज्यं लहान लहान, गादी मुलीलाही. माझ्या धर्माची देवी डोंगरावर ठेवली, पुजारी बायाही चालतील असं केलं, दुसऱ्या धर्माला पापी म्हणायचं नाही असं केलं. मग लग्नाच्या नियमापाशी आलो. तिथे पर्याय चारच होते. त्यातला दुसरा असा की आईवडिलांच्या भावंडांच्या मुलांशी लग्न चालेल. मला मामाची मुलगी हवी होती. मी तो निवडला आणि पुढे गेलो.

काय सांगू, राज्य कसं बहरलं! राजपुत्राला मामाची मुलगी आली, मामाचं सैन्य हाकेला आलं, दोन लढाया जिंकल्या. दोन दिवस मी खेळ आणि आंघोळ यांशिवाय दुसरं काही केलं नाही. सुट्टीच्या चौथ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला माझा राजा म्हातारा झाला होता. पडद्यावर प्रस्ताव आला की राजकन्येला चांगलं स्थळ आहे, घराणं थोर, वय जुळतं. दोन दिवसांच्या सवयीने मी होकार दाबला. लग्नाचं चित्र आलं तेव्हा मुलाच्या वडिलांचं नाव वाचलं. तो माझ्या राजाचा धाकटा भाऊ होता. एकाच किल्ल्यात वाढलेली चुलत भावंडं मी एकमेकांच्या गळ्यात बांधली होती.

“अरे, बहीण आहे ती त्याची!” मी ओरडलो.

रिकाम्या खोलीत माझाच आवाज मला मोठा वाटला. चार दिवसांत माझ्या तोंडून निघालेलं ते पहिलं वाक्य असावं. मग हसू आलं. खेळ बनवणाऱ्याच्या लेखी मामाची काय आणि काकाची काय, सगळी एका पारड्यात. मी नियम उघडला तेव्हा गृहीतच धरलं होतं की एवढं तर कोणालाही कळतं. इतका हसलो की ठसका लागला, आणि ठसका थांबल्यावर वाटलं, हे कोणाला तरी सांगायला पाहिजे.

पण सांगणार कोणाला? ऑफिसात एक दोघं हा खेळ खेळणारे आहेत, पण ते पुण्याचे. त्यांना चुलत बहिणीइतकाच मामाच्या मुलीचाही धक्का बसला असता. आमच्या नात्यातल्या माणसांना हसू आलं असतं, पण त्यांना खेळ समजावून सांगता सांगता दिवस मावळला असता. फोनमधली नावं मी वरपासून खालपर्यंत बघितली. खेळ न समजताही ज्याला ही गंमत कळेल असं जगात एकच माणूस होतं. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये माझ्या मामाची मुलगी रोज सकाळी फुलांची चित्रं टाकायची. मी ती कधी उघडूनही बघत नव्हतो, पण नंबर तिथे होता. जास्त विचार केला असता तर लावला नसता. लावला.

“बोल की,” ती म्हणाली. जणू काल संध्याकाळीच बोलणं झालं होतं.

मी थेट गोष्टच सांगायला लागलो. राजा, राणी, देवी, नियम, लग्न. चुलत भावंडांपाशी आलो आणि ती हसायला लागली. तेच हसणं, श्वास अडकेपर्यंतचं. “आगं माय,” ती म्हणत होती, “काय करून राह्यला रे तू एवढ्या मोठ्या सणाचं!” मग हसू आवरत म्हणाली, “बरं झालं तवा न्हाई म्हणालास. मलाबी तू नवरा म्हणून न्हाई पटला असता. भाजीत मीठ किती घालायचं त्याचाबी नियम लिहून दिला असता.”

मी पण हसलो. तेरा वर्षं मी मनात गुन्हेगार म्हणून वावरत होतो, आणि गुन्हा झालाच नव्हता म्हणायचा.

मागून मामाचा आवाज आला; दिवाळीला ती माहेरी आली असावी. आवाज पार खोल गेला होता. “कोन हाय?”

“आत्याचा,” ती म्हणाली.

मग मामा म्हणाला, “कुठवर आला, इचार.”

“कोण कुठवर आला?” मी विचारलं.

चपलांचा आवाज आला, दार लोटल्याचा आवाज आला. ती बाहेर आली असावी. “आज भाऊबीज हाय,” ती हळू म्हणाली. “मला वाटलं, म्हणूनच फोन केलास.”

आई गेल्यापासून माझ्या घरात भाऊबीज नव्हतीच. आज ती आहे हे मला खरंच माहीत नव्हतं. “आज?” मी म्हणालो, त्यावरून तिला कळलं.

“तू चार मानसांत मला बहीण म्हणाल्ता,” ती म्हणाली. “बाबा लई चिडले तवा. पंधरा दिवस कोनाशी बोलले न्हाईत. मंग एक दिवस म्हणले, जाऊ दे, पोरीला पाठीवर भाऊ न्हाई, जावई न्हाई तर न्हाई, भाऊ तरी गावला. त्या दिवाळीला सोता पाट मांडून बसले तुझ्यासाठी. आत्या एकटीच आल्ती.”

“मला कोणी सांगितलं नाही,” मी म्हणालो.

“आत्या तुला ‘चल’ म्हणत न्हवती का?”

म्हणत होती. पिशवी हातात घेऊन, दर वर्षी.

“तवापासून दर सालचं हेच. भाऊ आल्याबिगर पंगत न्हाई, म्हणतेत. दुपार टळून जाते. मंग मीच म्हणते, गाडी चुकली असंल त्याची, आन् वाढते. लग्नाचा राग न्हाई रे त्यांला. तू बहीण म्हणाला आन् परत फिरकलाच न्हाईस, ते लागलंय.”

मी पलंगाच्या कडेला बनियनवर बसलेलो. मला लाज वाटली. अशी लाज की हात कुठे ठेवावा ते कळेना. मामाचा राग मी तेरा वर्षं जपून ठेवला होता, आणि तो मामाकडे नव्हताच. ज्या वाक्यावर कोणी उलट बोलू शकणार नाही असं मला वाटलं होतं, त्या वाक्यावर खरोखरच कोणी उलट बोललं नव्हतं. त्यांनी ते खरं मानलं होतं.

“आता बराबर सांग,” ती म्हणाली. आवाजात हसण्याचा मागमूस नव्हता. “माझ्यासाठी हो म्हणू नको. त्यांचं वय झालंय, साखरेच्या गोळ्या चालू हायत, आता उपाशी बसवत न्हाई मला. येणार नसशील तर तसं सांग, मी त्यांला आत्ताच वाढते.”

जालन्याहून तिकडे जायला गाडीवर दोन तास लागतात. ते तिलाही माहीत होतं, मलाही. आत मामा काहीतरी विचारत होता आणि ती त्याला थांब, थांब म्हणत होती.

“वाढू नको,” मी म्हणालो.