कोपऱ्यातले बेचाळीस अंश

उन्हाळ्यात माझा लिनक्सवाला कॉम्प्युटर तापून बंद पडायचा. तो जोडून देणारा माझा जुना मित्र जुळे सोलापुरातून आला आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात तापमानाचा आकडा बसवून गेला. "प्रोसेसर बेचाळीसवर आहे, लई थंड. निवांत राहा की!"

मी राहिलो. मशीन मात्र बंद पडतच राहिलं. शेवटी वैतागून मी स्वतःच कमांड देऊन सेन्सर तपासले, तर प्रोसेसर शहाण्णववर! मग कोपऱ्यातल्या आकड्यावर क्लिक केलं. हवामानाचं पान उघडलं: सोलापूर, बेचाळीस अंश, आकाश निरभ्र.

फोनवर तो हसला. "रोज फोन करून डोकं खात होतास. काय करू?"

पावसाळ्यात तोच आकडा सत्तावीसवर उतरला असता, तर मी मूर्ख त्याच्याकडे पेढे घेऊन गेलो असतो.