आईचे स्वतःचे पैसे

गाडी घेतली त्या वर्षी मी माझ्याच आईचं वाटोळं केलं, आणि तेही पेढे वाटून. हे मी कुणाला सांगत नाही. हिंजवडीत कंपनीच्या गेटाबाहेर आम्ही ड्रायव्हर लोक गाड्या लावून दुपारभर बसतो. तिथे पोलीस, बायको, राजकारण, सगळ्यावर बोलणं होतं. बायकांना सरकारकडून मिळणाऱ्या पैशांचा विषय निघाला की मात्र मी टायरमधली हवा बघायला उठतो.

आमचं गाव वाशीमकडचं. मी पुण्यात आलो, वाघोलीत खोली घेतली, दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या. गावी आईवडील आणि धाकटी बहीण. घरातला पैसा वडिलांच्या हातात. वडील वाईट नाहीत. दारू नाही, मारहाण नाही. पण आईला बांगड्या भरायच्या असल्या तरी ते विचारायचे, "कायले?" मग तिनं कारण सांगायचं, मिळाले की खर्चायचे आणि उरलेले परत आणून द्यायचे. पस्तीस वर्षं तिचं असंच चाललं. मीही पुण्याहून पाठवायचो ते वडिलांच्याच खात्यात, कारण कमावत्या मुलाचा पैसा बापाच्या हातावर ठेवायचा ही आमच्याकडची रीत. आईला वेगळे पाठवावेत असं मला एकदाही सुचलं नाही. आता लिहिताना लाज वाटते, पण सुचलं नाही ते नाहीच.

मग सरकारनं बायकांच्या खात्यात दरमहा दीड हजार रुपये थेट टाकायला सुरुवात केली. आईचा अर्ज मीच मोबाइलवरून भरला. पहिले पैसे जमा झाले तेव्हा तिचा फोन आला. "बापू, माहे पैशे आले." माहे. पैशाच्या आधी हा शब्द तिच्या तोंडून मी कधी ऐकलेला नव्हता. तिलाही तो नवाच असावा, कारण तिनं तो तीनदा वापरला.

त्याच सुमारास धाकटी बारावी झाली. तिला अकोल्याला नर्सिंगला प्रवेश मिळत होता, फी शिष्यवृत्तीतून सुटणार होती, प्रश्न होता खोलीचा आणि डब्याचा. वडिलांचं मत ठरलेलं: शिकली तेवढं बस झालं. मी सुट्टीवर गेलो होतो, आम्ही जेवत होतो. आई वाढता वाढता, मान वर न करता म्हणाली, "खोलीचं अन् डब्याचं मी पाहीन. माह्या पैशातून."

वडिलांनी घास जरा जास्तच वेळ चावला. मग म्हणाले, "पाह्य मंग."

एवढंच. ना भांडण, ना रडारड. मागायचंच नव्हतं, त्यामुळे नाही म्हणायला त्यांच्याकडे जागाच उरली नाही. धाकटी अकोल्याला गेली. दर महिन्याला आई तालुक्याला बँकेत जायची आणि तिथूनच पोरीला पैसे धाडायची. एकदा एकटीच एसटीनं जाऊन तिला भेटून आली. तोवर आई कधी एकटी एसटीत बसलेली नव्हती. आल्यावर मला फोनवर तासभर सांगत होती: पोरीचा पांढरा ड्रेस, खोलीतली खिडकी, आणि तिथल्या दवाखान्यात पोरीला सगळे "सिस्टर" म्हणतात. "म्हातारे माणसंही म्हंतात रे!" या एका गोष्टीचा तिला केवढा अभिमान!

आणि मग मी गाडी घेतली. जुनीच, कर्जाच्या हप्त्यावर, कंपनीच्या लोकांची ने-आण करायला. दुसऱ्याची गाडी किती दिवस चालवायची? कागद नावावर करताना राहण्याचा पत्ता मागितला. वाघोलीच्या खोलीचा भाडेकरार माझ्याकडे नव्हता, म्हणून आधारवरचा गावचाच पत्ता दिला. हार घातलेली गाडी घेऊन गावी गेलो. आईनं नारळ फोडला, चाकाखाली लिंबं ठेवली, गल्लीत पेढे वाटले. गाडीपुढे उभी राहून तिनं फोटो काढून घेतला.

काही महिन्यांनी अंगणवाडीच्या ताई घरोघर चौकशी करत आल्या. ज्यांच्या कुटुंबात चारचाकी आहे त्यांचे पैसे बंद होणार होते. त्यांनी आईला विचारलं, "काकू, घरात चारचाकी हाय काय?" "नाही" म्हणायला त्या बाईनं तिला नक्की वेळ दिला असणार. पण माझी आई! तिनं त्यांना ओट्यावर बसवलं, चहा केला, आणि "हाय ना, माह्या लेकाची!" म्हणून तो फोटो दाखवला. संध्याकाळी मला फोन करून तेही आनंदानं सांगितलं. सरकारनंही तुझ्या गाडीची दखल घेतली, असा तिचा सूर होता. लोकांना घ्यायची वेळ झाली असं सांगून मी फोन ठेवला. काय बोलणार? लग्न न झालेला मुलगा त्याच कुटुंबात धरतात. पुण्यात राहत असलो तरी रेशनकार्डावर माझं नाव तिच्या खालीच होतं.

पैसे थांबले. पहिला महिना तिला वाटलं उशीर झाला असेल. दुसऱ्या महिन्यात बँकेतून रिकाम्या हातानं परत आली, तेव्हा तिनं मला विचारलं, "म्या काई चुकीचं सांगतलं काय रे?" मी म्हटलं, नाही. खोटं होतं आणि खरंही होतं.

मी धाकटीला थेट पैसे पाठवू लागलो. दोन महिने पाठवले. तिसऱ्या महिन्यात क्लच गेला, गाडी आठ दिवस गॅरेजमध्ये, हप्ता डोक्यावर. "पुढच्या आठवड्यात पाठवतो," असं मी बहिणीला चार आठवडे सांगत होतो. पाचव्या आठवड्यात तिनं विचारणंच सोडलं. त्या न विचारण्यानं मी जितका खचलो तितका कशानंच नाही. शिवाय माझे पैसे झाले तरी ते माझे होते. आईला ते माझ्याकडे मागावे लागत होते. वडिलांनी "कायले?" विचारायचं तसं मी विचारत नव्हतो, पण तिच्या आवाजात कारण सांगण्याची ती जुनी घाई परत आली होती. "पोरीची परीक्षा हाय म्हून म्हंतो बापू, नाई तं तुले तरास देला नसता."

उपाय एकच होता: रेशनकार्डातून माझं नाव कमी करायचं आणि मी वेगळा राहतो हे दाखवायचं. कार्डावर कुटुंबप्रमुख आईच, तेव्हा अर्जावर सही तिची हवी. मला वाटलं, चार दिवसांचं काम. आई ठाम म्हणाली, "नाई."

आमच्या गावात कार्डावरचं नाव दोघांचंच कमी होतं. लग्न होऊन गेलेल्या पोरीचं आणि मेलेल्या माणसाचं. जित्याजागत्या लेकाचं नाव आईनं स्वतःच्या हातानं काढायचं, आणि लेक दिवसभर गाडी घेऊन रस्त्यावर! तिला ते ऐकवेना. मी समजावलं, चिडलो, एकदा ओरडलोही. "नुसता कागद आहे, आई!" ती म्हणाली, "मंग गाडीचाही कागदच होता ना." मी फोन ठेवून दिला. हिंजवडीच्या त्या चकचकीत काचेच्या इमारतीसमोर स्टिअरिंगवर डोकं टेकून रडलो, कुणी बघतंय की नाही याची पर्वा न करता.

दोन महिने असे गेले. तोवर मी पत्त्याच्या पुराव्यामागे लागलो. खोलीमालक कसबा पेठेत राहतात, निवृत्त गृहस्थ. त्यांनी दारातच विचारलं, "करार कशाला हवाय? चार वर्षं कराराशिवाय झोप लागत होती ना?" मी सगळं सांगितलं. ते ऐकून घेत होते, चष्मा पुसत. "म्हणजे आईला पैसे मिळावेत म्हणून आईपासून वेगळं व्हायचंय. छान. या पुढच्या सोमवारी." असे पाच सोमवार गेले. सहाव्याला त्यांनी करार केला, आणि वर चहाही पाजला. त्या पाच सोमवारांचा राग मला त्यांच्यावर काढता येईना, कारण चुकीच्या पत्त्यावर गाडी मी केली होती. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतल्यावर धोंड्याला शिव्या देऊन काय उपयोग?

त्या काळात गावी धाकटीसाठी स्थळ आलं. मुलगा बरा, शेती बरी, मागणं काही नाही. वडिलांनी आईला विचारलं, "खोलीचं कोण पाह्यते आता?" टोमणा नव्हता तो, साधा प्रश्न होता. धाकटी पेटी घेऊन घरी आली. दुसरं वर्ष अर्धं राहिलं.

हे कळलं त्या दिवशी आईनं स्वतःहून फोन केला. "ये बापू. सही करतो." मी रातोरात निघालो. कुटुंबात चारचाकी नाही असं सांगायला मी आईला त्याच चारचाकीत बसवून तहसीलला नेलं, आणि लाज वाटून गाडी दोन चौक अलीकडे उभी केली. तिथून ती उन्हात चालत आली. कारकुनानं अर्ज पुढे सरकवला. बँकेच्या खात्यासाठी गिरवून गिरवून शिकलेली सही तिनं सावकाश केली आणि पदरानं बोटाची शाई पुसली. मग माझ्या तोंडावरून दोन्ही हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली, तिथेच, सगळ्या रांगेसमोर. येताना मी म्हणालो, पैसे सुरू झाले की लग्न थांबवता येईल. ती पदराच्या गाठीत अर्जाची पावती बांधत राहिली.

अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला. धाकटीचं लग्न झालं. मी त्याच गाडीतून तिला सासरी पोचवली. उतरताना ती म्हणाली, "दादा, तुझ्यावर राग नाही." राग असता तर बरं झालं असतं.

परवा दुपारी मी गेटाबाहेर बसलो होतो, आईचा फोन आला. बँकेत होती, मागे गर्दीचा आवाज. पैसे सुरू झाले होते. अडलेल्या महिन्यांचे नाही, या महिन्यापासूनचे. मग तिनं विचारलं, "बापू, याचं मी आता काय करू?"