काकींची लाटी

पेणला आमच्या आळीत पोह्यांचे पापड लाटायला एक काकी यायच्या. त्या उन्हाळ्यात कसल्याशा नवसापायी त्या रोज एकदाच, दिवेलागणीनंतर जेवायच्या. दुपारी भूक खवळली की शेजारणीला विचारायच्या, "आज काय केलंस गो?" वाल, सुकट, सगळं चवीनं ऐकायच्या आणि लाटणं जोरात फिरायचं.

एका दुपारी त्यांनी कुणालाच काही विचारलं नाही. हात थांबला, ओठ पांढरे पडले. आम्ही घाबरलो, पण खा म्हणायची हिंमत कुणाला होईना.

काकींनी पापडाच्या पिठाची कच्ची लाटी उचलली, तेलात बुडवली आणि शांतपणे खाल्ली. मग दुसरी.

"देवाला सांगेन मी, आज नाय निभलं."

आमचा जीव भांड्यात पडला. मी तेलाची वाटी त्यांच्याजवळ सरकवली.